गुरवाच्या डोक्यातल्या होड्या

दर्शनाच्या घरातली फोडणी बंद झाली, त्या आठवड्यात गल्लीतल्या दोन बायका सांत्वनाला येऊन गेल्या. आंबेडोहात एखाद्या घरातून फोडणीचा चर्र आवाज आला नाही की तिथे सुतक, असा सरळ हिशेब. दोघी डोळ्यांना पदर लावूनच आत शिरल्या, "कसं गं झालं?" म्हणत दर्शनाच्या गळ्यात पडल्या, आणि ज्याच्यासाठी रडायला आल्या तो शैलेश गुरव ओल्या पंच्यानं न्हाणीतून बाहेर आला. एकीला जी उचकी लागली, ती म्हणतात पुढच्या अमावस्येपर्यंत थांबली नाही.

"गेलं कुणी नाही," दर्शना म्हणाली. "मोहरी गेली, हिंग गेला, हळद गेली. परसातला कढीपत्ता तर मुळासकट गेला. बसा. चहा देते, पण आल्याशिवायचा. चालेल?"

नाही चालला. दोघी उठल्या.

हा काळ असा, की गावातल्या आज्यांची नावं दर्शना, डिंपल, पिंकी अशी असायची आणि नातींची पुन्हा गंगा आणि सावित्री. दर्शना साठीला टेकलेली. गुरवीण म्हणून आंबेडोहच्या महादेवाच्या घरात आली तेव्हा अंगात एवढा जोर होता की दोन घागरी दोन हातांत घेऊन घाट चढायची आणि वर येऊन वाटेत भेटलेल्या बाईशी तासभर गप्पा मारायची, घागरी खाली न ठेवता. आता पातेलं उचलायचं म्हटलं तरी आधी ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत उभी राहायची.

दमण्याचं कारण घरातच होतं. चार वर्षांपूर्वी शैलेशचा उजवा हात थरथरायला लागला. आधी करंगळी, मग पंजा, मग कोपरापर्यंत. तीर्थ द्यायला पळी उचलली की भक्ताच्या ओंजळीत थेंब पडायचा आणि बाकीचं शर्टावर. पावलं घासटत चालायला लागली. सदऱ्याची बटणं दर्शना लावायची, घास दर्शना भरवायची, रात्री कूस बदलायची तरी ते तिचंच काम. बिल्वपत्र पिंडीवर ठेवायला जायचा आणि ते नंदीच्या पाठीवर पडायचं. नंदी काही बोलला नाही, पण देवस्थान कमिटी बोलली.

पलीकडच्या गावात महादेवाला अभिषेक घालायला यंत्राचा हात बसवला होता. तो थरथरत नाही, सुट्टी मागत नाही, फक्त लाइट गेली की तांब्या वर धरून तसाच उभा राहतो. एकदा म्हणे लाइट आली तेव्हा खाली पिंडीऐवजी सरपंच वाकलेले होते. तरी कमिटीचं मन त्या हातावर गेलं होतं.

अशा वेळी सांगलीहून डॉक्टर शर्वरी कोठावळे आली. एका संशोधन केंद्रात काम करणारी पोरगी, केस आखूड, बोलणं झरझर. दर्शनाच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तिनं समजावून सांगितलं.

"काकू, खाजकुयली माहितीय ना? अंगाला लागली की माणूस नाचतो ती."

"माहितीय. ह्यांच्या बहिणीनं लग्नात माझ्या गादीवर टाकली होती."

"तिच्या बियांत एक द्रव्य असतं. मेंदू त्यापासून एक निरोप्या बनवतो, आणि हात हलव, थांब, पाऊल टाक, हे सगळे निरोप तो नेतो. काकांच्या मेंदूत तो निरोप्या कमी पडलाय. बियांची पूड नुसती खाल्ली तर त्यातलं बरंचसं द्रव्य आतड्यात आणि रक्तातच खर्च होतं. वर मेंदूभोवती कडक पहारा. ओळखीचं असेल तेच आत सोडतो."

"आमच्या वन्संसारखा."

शर्वरी हसली. तिनं वाटीत पाणी घेऊन त्यावर तेलाचा थेंब टाकला. "आम्ही होड्या बनवल्यात. तेलकट पापुद्र्याचे पोकळ गोळे, पोटात पाणी. एका केसाच्या जाडीत अशा हजारभर होड्या शेजारी शेजारी बसतील. पोटात बियांतलं द्रव्य भरायचं, आणि बाहेरून असं एक प्रथिन चिकटवायचं की पहारेकऱ्याला वाटावं आपलाच माणूस आला. तो दार उघडतो. अशा होड्या पूर्वीही होत्या, पण एका खेपेत विरघळायच्या. आमच्या विरघळत नाहीत. माल उतरवतात, रक्तातून परत आतड्याशी येतात, काका रोज बियांची पूड घेतात ती भरतात आणि पुन्हा निघतात. इंजेक्शन वर्षातून एकदा."

"फेरीबोट," दर्शना म्हणाली.

"अगदी. पण फेरीबोटीला प्रवासी ओळखता येत नाहीत. होडीचा पापुद्रा तेलकट आहे, आणि मसाल्यांचा सगळा जीव त्यांच्या तेलात. आपण जायफळ खातो, हळद खातो. यकृत बरंचसं बाहेर फेकतं, मेंदूपर्यंत कणभर पोचतं, म्हणून आपण फक्त जांभई देतो. काकांनी खाल्लं तर होडीच्या काठाला लटकून सगळंच्या सगळं वर जाईल. चिमटीची मूठ होईल. म्हणून मसाला बंद. फोडणी बंद, चहातलं आलं बंद. मीठ चालेल, ते झाडाला लागत नाही."

तर असं सुतक लागलं. पण इंजेक्शन घेतल्यावर पंधरवड्यात शैलेशनं स्वतःचं बटण स्वतः लावलं. दर्शना दारात उभी राहून बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण आधी तिला मटकन खाली बसावंसं वाटलं आणि ती बसली. पुढच्या महिन्यात तो पिंडीवर बेलाचं पान असं ठेवायला लागला की पानावरचा दवबिंदूही हलत नसे. लोक नुसता त्याचा हात बघायला यायचे. कमिटीनं यंत्राच्या हाताची गोष्ट काढणं सोडून दिलं.

दर्शना रोज दुधी उकडायची, पडवळ उकडायची, भात आणि पेज करायची. दोन वेगळे स्वयंपाक करायची ताकद नव्हती, म्हणून तीही तेच गिळायची.

मग गडबड सुरू झाली. एका सोमवारी शैलेश आरती म्हणता म्हणता घंटेची दोरी हातात धरून उभ्या उभ्या झोपला. दुपार उलटेपर्यंत दोरी सोडेना. लोक त्याच्या बाजूनं वाकून दर्शन घेऊन गेले, एकीनं तर त्यालाही कुंकू लावलं. हनुमान जयंतीच्या सकाळी तो नंदीशी बोलायला लागला ते थांबेचना, गावातल्या चार पिढ्यांच्या भानगडी नंदीच्या कानात सांगितल्या, आणि त्या कानापाशी त्या दिवशी एवढी रांग लागली की चपलांचा ढीग नदीपर्यंत गेला. मधेच एखादा दिवस चांगला जायचा. मधेच तो कुणावरही खेकसायचा.

त्याच्या मनगटावरचा पट्टा हे सगळं सांगलीला कळवत होता. शर्वरी धावत आली.

"काका, बाहेर काही खाल्लं?"

"काही नाही."

"काकू?"

"मी काय घालणार गं त्यांना? ह्या घरात मोहरीचा दाणा सापडला तर मला सांग, मी त्याला हार घालते."

डिंपल तिथेच बसली होती. शैलेशची धाकटी बहीण, चार घरं सोडून दिलेली, तोंडानं फटाकडी. "डॉक्टर, माणूस दमला की हात चुकतो. वहिनीचंही वय झालं. डब्याच्या सवयीनं पडली असेल एखादी चिमूट."

"वन्सं, तुमच्याकडून कढीपत्ता मागायला येते का मी?"

"मी कुठं म्हटलं तू मुद्दाम टाकतेस?"

शर्वरीनं दोघींच्या मधे हात धरला. "हे बघा, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. तोवर कारण सापडलं नाही तर केंद्र पुढचं इंजेक्शन देणार नाही. असे झटके चालू ठेवणं धोक्याचं आहे, एखाद्या दिवशी झोपले ते उठलेच नाहीत असं नको व्हायला. होड्या हळूहळू विरतील आणि..." शैलेशनं उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला, थरथरत नसताना. दर्शनाला बटणं आठवली, घास आठवले, रात्रीचं कूस बदलणं आठवलं. ती गेली आणि दुधी किसायला लागली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

शोध लागला तो पुढच्या सोमवारी. शर्वरी नमुने घ्यायला सकाळीच आली, आधी देवळात जाऊन आली, मग घरी. दमलेली दिसत होती.

"काही खाल्लंस का पोरी?" दर्शनानं विचारलं.

"नाही हो काकू. सकाळपासून पोटात काही नाही."

आणि तिनं पेन काढायला हात पुढे केला, तो बोटांना तूप. अंगठ्याशी रव्याचा कण. ओठाच्या कडेला बेदाण्याचं साल.

दर्शना त्या बोटांकडे बघत राहिली. पोरगी खोटं बोलत नव्हती. रक्तातला कण न् कण मोजणारी ती डॉक्टर. तिनं नुकताच मूठभर शिरा खाल्ला होता आणि तिनं काही खाल्लं नव्हतं. कारण तो प्रसाद होता. प्रसाद कुणी खातं का? प्रसाद घेतात. एकादशीला साबुदाण्याची परात संपवून "आज पोटात काही नाही" म्हणणारी आपली माणसं. आणि शैलेश गुरव माणूस, नैवेद्य हा त्याचा पिढीजात हक्क. डॉक्टरांनी बाहेरचं जेवण बंद म्हटल्यावर त्यानं इमानदारीनं नैवेद्याची ताटं परत पाठवायला सुरुवात केली होती. पण देवापुढचा घास? तो तोंडात टाकला नाही तर देवाचा अपमान. सोमवारी शिरा, त्यात जायफळ. हनुमान जयंतीला सुंठवडा. अधेमधे खिरापत, ओव्याची भजी, पुरण. ती स्वतः रोज हे बघत होती. तिलाही दिसलं नव्हतं.

सांगायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात शैलेश देवळातून आला, जाजमावर आडवा झाला, आणि घोरायला लागला. शर्वरी नमुने घेऊन गेली. घर इतकं शांत झालं की नदीचा आवाज ऐकू यायला लागला. दर्शना भिंतीला टेकली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. शैलेश अजून घोरत होता. उद्या सांगू, तिनं ठरवलं.

उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "अहो, उगाच देवळात ताटकळत बसता. प्रसाद मी घरी आणत जाईन."

आणि इथून ही गुरवीण नवऱ्याला फोडणी द्यायला लागली. माणसाचा स्वभाव मसाल्याच्या डब्यात बसवता येतो, हे तिला पंधरा दिवसांत कळलं. जास्त नाही, नखाएवढं. ओव्याच्या भज्याचा तुकडा दिला की शैलेश हसरा. सुंठवड्याचा कण दिला की बोलका, एरवी हूं-हूं करणारा माणूस विचारायचा, "आज काय काय झालं तुझ्याकडे?" आणि ऐकायचा सुद्धा. आणि अगदीच पाय मोडून आले की शिरा. शिऱ्याच्या दुपारी तो झोपायचा, ती झोपायची, अंगणातलं मांजर झोपायचं. एकदा पोस्टाचं ड्रोन पाकीट द्यायला आलं, घिरट्या घालून घालून कंटाळलं आणि तेही म्हणे तुळशीकट्ट्यावर टेकलं.

हे धोक्याचं आहे हे तिला ठाऊक होतं. शिरा दिला की ती आधी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची, आणि मगच आडवी व्हायची. झोपेतही हात तिथेच ठेवायची. मग ती झोप तरी कसली?

मग तो दिवस उजाडला. ती दुधी चिरत होती. शैलेश मागून आला, तिच्या हातातली सुरी काढून घेतली, आणि म्हणाला, "दर्शना, दमलीस गं तू. माझ्यापायी फार दमलीस."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं. ती वळून त्याच्याकडे बघायला लागली. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात आलं: सकाळी काय दिलं होतं आपण? खिरापत. म्हणजे खसखस.

तिनं सुरी परत घेतली आणि दुधी चिरायला लागली.

त्यानंतर तिला सुख म्हणून राहिलं नाही. तो हसला की ती मनात म्हणायची, ओवा. तिची चप्पल उचलून सावलीत ठेवली की, वेलदोडा. चिडला तर बरं वाटायचं, हा तरी त्याचा स्वतःचा असेल म्हणून, आणि मग आठवायचं की काल लवंगही होती. आपल्याच हातानं कालवलेल्या नवऱ्याशी ती बोलत होती. त्याच्यावर रागावायची सोय उरली नाही, विरघळायचीही नाही. हात थरथरत होता तेव्हा निदान तो शैलेश होता. आता हात एकदम स्थिर, आणि त्या हातामागे कोण उभं आहे ते तिला सांगता येईना. त्याचं अंग उचलून दमली होती त्याहून ती ह्यानं जास्त दमली.

तपासणीच्या दिवशी शर्वरी आली ती तोंड पाडूनच. "काकू, मी खूप भांडले. पण कारण मिळाल्याशिवाय ते पुढचं इंजेक्शन मंजूर करत नाहीत."

शैलेश पाटावर बसला होता. आपल्या दहा बोटांकडे बघत होता, निरोप द्यायला आल्यासारखा.

"प्रसाद," दर्शना म्हणाली.

"हो काकू, देवळात जाऊन आले मी, घेतला."

"तेच सांगतेय. घेतलास. खाल्लास."

शर्वरीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे, मग शैलेशकडे. पोरीचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. "अरे देवा," ती म्हणाली. "मी त्यांच्यासमोर खाल्ला. दर वेळी. आणि दर वेळी त्यांना विचारलं, काही खाल्लं का. सांगलीत पंधरा लोक बसून आकडे बघतायत, एकाच्याही डोक्यात नाही आलं?"

"ते पंधरा जण देवळात गेले की काय घेतात?"

शर्वरीनं कपाळावर हात मारला. मग तिला हसू यायला लागलं, सुटकेचं. "म्हणजे कारण मिळालं! काकू, होड्या राहतील! फक्त काकांनी प्रसाद..."

"थांब," दर्शना म्हणाली. "अजून आहे." आणि तिनं सांगून टाकलं. तूप लागलेली बोटं कधी दिसली ते. शिऱ्याच्या दुपारी. ओवा, सुंठ, खसखस. न थांबता, दुधी किसावा तसं एका लयीत सांगितलं.

"म्हणजे," शैलेश सावकाश म्हणाला, "तू मला झोपवत होतीस."

"हो."

"लहान पोराला अफू चाटवतात तशी."

"हो. मला झोप हवी होती."

"आणि मी तुला दमलीस म्हणालो, ती खसखस होती असं वाटतं तुला?"

"तुम्हीच सांगा. होती का?"

शैलेशनं मनगटावरचा पट्टा फिरवला. राग यावा तसा चेहरा झाला आणि मधेच कुठेतरी हरवला. "मला कसं कळणार गं?" तो म्हणाला. "आतून सगळं मीच वाटतो. झोप आली ती मलाच आली, नंदीशी बोललो ते मीच बोललो. कुठलं माझं आणि कुठलं वाण्याच्या दुकानातलं, ते आतून दिसत नाही."

शर्वरी हळूच म्हणाली, "काका, ते आम्हालाही मोजता येत नाही."

तो उठला, पायात चपला सरकवल्या. "गुरवानं नैवेद्य नाकारायचा," एवढंच म्हणाला आणि देवळाकडे चालू लागला. सरळ चालत गेला, पाय न घासटता. दर्शना त्याची ती चाल बघत होती. तो कदाचित होड्या नको म्हणेल. त्याचे वाडवडील ह्या पिंडीसमोरचा घास खाऊन जगले, तो तिच्यासाठी आणि दहा बोटांसाठी ते सोडेल असं तिला वाटेना. आणि तो नको म्हणाला तर पुन्हा सगळं आलं, बटणं, घास, कूस. ती भांडायला उठली नाही. भांडायला जे लागतं ते तिच्याकडे उरलंच नव्हतं. शर्वरीला तिनं पेज वाढली. पोरगी ती निमूटपणे प्यायली.

"काकू, मी केंद्राला तुम्ही मुद्दाम दिलं ते सांगू का?"

"सांग. कुणीतरी दुसरी बाई असेलच कुठं तरी, उकडलेला दुधी घेऊन बसलेली. तिला आधीच सांगा, की डबा तिच्या हातात आहे. आणि तिला आठवड्यातून एक दुपार झोपायला कुणीतरी माणूस पाठवा. म्हणजे ती जायफळाकडे बघणार नाही."

शर्वरी लिहून घ्यायला निघाली होती, मग तिनं पेन खाली ठेवलं. "सोमवारी मी येईन," ती म्हणाली. "दुपारी. काकांजवळ बसेन."

ती गेली. दुपार झाली. नैवेद्याची पाळी त्या दिवशी डिंपलकडे होती. ती केळीच्या पानानं झाकलेलं ताट घेऊन देवळात गेली, आणि थोड्या वेळानं दारात तिचा आवाज आला, "वहिनी! दादाला काय झालंय बघ, ताट माझ्या हातातून ओढून घेतलं!"

शैलेश तिच्या पुढेच होता. ताट दोन्ही हातांवर. तो आत आला, ताट ओट्यावर ठेवलं, हात धुतले, पाट मांडला.

"दर्शना, बस."

"मी?"

"देवाला दाखवलंय. टाकता येत नाही. गुरवाच्या घरातच जायला हवं."

डिंपलनं कमरेवर हात ठेवले. "गुरवाचं ताट गुरविणीला? दादा, आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही."

"आपल्या घराण्यात कुणाच्या डोक्यात होड्याही नव्हत्या."

"आणि तू काय खाणार?"

"दुधी."

डिंपल काहीतरी खोचक बोलणार होती. पण वहिनीचा चेहरा तिनं पाहिला, आणि बहुधा बऱ्याच महिन्यांनी नीट पाहिला. "भात गार झाला असेल," ती म्हणाली. "मी गरम करून आणते." आणि चक्क आत गेली.

दर्शना पाटावर बसली. शैलेश वाढायला लागला. पुरणपोळी, तिच्यावर तूप. भजी. बटाट्याची भाजी, हळदीनं पिवळीजर्द, मोहरी डोळे वटारून बघतेय अशी. मग त्यानं आमटीची वाटी डाव्या हातात घेतली, उजव्या हातात पळी. ती त्या हाताकडे बघत होती, आणि सवयीनं तिचं मन मागे मागे जाऊन शोधायला लागलं. आज ह्यांच्या पोटात काय आहे? सकाळी पेज. मग दोन घास भात, मिठाचा. देवळात गेले ते नाकारायलाच गेले. शोधत शोधत ती कालच्या दिवसापर्यंत गेली, काल तिनं काही दिलं नव्हतं, परवाही हिंमत झाली नव्हती. दुधी, पडवळ, दुधी. नाव घ्यायला एकही मसाला सापडेना.

"बघतेस काय? जेव," तो म्हणाला. "मी सोडलं ते तू रडत बसावंस म्हणून नाही सोडलं. मला वाईट वाटतंय, खरं सांगतो. पहिला घास नाकारताना अंगावर काटा आला. आणि तुझ्यावर रागही आहे, तो जाईल की नाही माहीत नाही. पण जेव तू."

आमटी वाटीत पडली. काठाला थेंब लागला नाही.

पहिल्या घासाला दर्शनाच्या जिभेला इतकी झणझण लागली की डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही, तिखटाचं आहे म्हणता येण्यासारखं होतं. डिंपलच्या हाताला मीठ नेहमीसारखं जास्तच झालं होतं. नैवेद्य करताना चाखायचा नसतो आणि नंतर त्याला नावं ठेवायची नसतात, त्यामुळे तिला ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दर्शनानंही सांगितलं नाही. तिनं वाटी पुढे केली.

"अजून वाढा," ती म्हणाली, आणि पाठ भिंतीला टेकवून, पाय सैल सोडून, सावकाश जेवत राहिली.